चौथ्या सीटवरचा गुणाकार

संध्याकाळची कल्याण फास्ट. मी चौथ्या सीटवर, म्हणजे अर्धा बाकावर आणि अर्धा देवाच्या भरवशावर. भायखळा गेलं आणि भाचीचा मेसेज आला: ‘मामा, नऊ वेळा एक लिहून त्या संख्येचा वर्ग किती? तू म्हणाला होतास ना, तुझं गणित पक्कं आहे?’

म्हणालो होतो. गणपतीत, मोदकांच्या भरात.

मोबाईलनं उत्तराचं शेपूट कापून पुढे ‘ई १६’ चिकटवलं. ऑफिसात अडकलेल्या मित्राला विचारलं, तर त्यानं स्प्रेडशीटमधून पाठवलं: १२३४५६७८९८७६५४३००. एकानं संपणाऱ्या संख्येचा वर्ग शून्यानं संपेल कसा? ही बया पंधरा आकडे झाले की पुढच्यांना सरळ शून्य करते. आमच्या पगारवाढीचा हिशोबही हिच्याकडेच असावा.

शेवटी खिशातली किराण्याची यादी काढली, उलटी केली आणि हातानं मांडणी सुरू केली. एकाखाली एक नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. सरकण्याचं शास्त्र चौथ्या सीटवाल्याला कोणी शिकवायला नको. बेरीज करत गेलो: पहिल्या घरात एक, मग दोन, मधल्या घरात नऊ, पुन्हा उतरत एक. १२३४५६७८९८७६५४३२१. हातचा कुठेच नाही!

“आकड्यांची बेरीज एक्क्याऐंशी,” खिडकीजवळचे काका म्हणाले. ते कुर्ल्यापासून माझ्या यादीत डोकावत होते. “आणि एक्क्याऐंशीनं पूर्ण भाग जातो. हर्षद संख्या! नाव कापरेकरांनी दिलेलं, देवळालीच्या शाळेतले मास्तर. ह्या चढत्या-उतरत्या संख्या म्हणजे डेम्लो. डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली! जीआयपी, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या, त्या स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली.”

इतका वेळ पेंगणारा डबा ‘डोंबिवली’ म्हटल्यावर जागा झाला. मी ओशाळलो. त्याच फलाटावर मी वीस वर्षं उतरतोय. आजवर एवढंच सुचलंय, की छत्री ऑफिसात राहिली.

ठाणं सोडलं आणि पुन्हा मेसेज. ‘आता दहा एक.’

“इथे गंमत संपते,” काका म्हणाले. मधल्या घरात दहा जण. शून्य खाली बसतं, हातचा शेजारच्या नवावर जातो. तोही दहा होऊन आपला हातचा आठाच्या अंगावर ढकलतो. आठाचा नऊ होतो. १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ बिचारा गायब!

तेवढ्यात डोंबिवली. दाराशी आम्ही नऊ जण दाटीवाटीनं का होईना, पण उभे होतो. मागून दहावा आला. धक्का एकाकडून दुसऱ्याकडे सरकत माझ्यापर्यंत पोचला आणि मी फलाटावर होतो. यादी डब्यातच राहिली आणि कल्याणला गेली.

दारातच बायकोनं विचारलं, “साबुदाणा किती आणलास?”

“एक्क्याऐंशी,” मी म्हणालो.