कर्जेच्छुकांस काही अनाहूत सल्ले

गृहकर्जाच्या एका अर्जासाठी गेल्या चार महिन्यांत मी जेवढे कागद गोळा केले, तेवढे सगळ्या परीक्षा मिळूनही काळे केले नसतील. या तपश्चर्येचे फळ म्हणून कर्ज अद्याप मिळालेले नाही. अनुभव मात्र उदंड मिळाला आहे आणि तो एकट्याने उपभोगणे मला प्रशस्त वाटत नाही. तेव्हा घर घेऊ पाहणाऱ्या सुज्ञ वाचकांनी पुढील सल्ले मनावर घ्यावेत.

घर आवडल्यावर कागदांच्या मागे लागणे हा शुद्ध बावळटपणा आहे. तयारी किमान दोन वर्षे आधी सुरू करावी आणि त्या काळात आयुष्यात काहीही घडू देऊ नये. नोकरी बदलू नये, पगाराचे खाते बदलू नये, आणि बोनस किंवा ओव्हरटाइम मिळाला तर हुरळून जाऊ नये. तो वर्षानुवर्षे मिळत आल्याचा पुरावा नसेल, तर सावकाराच्या लेखी तो मिळालेलाच नसतो. तुमच्या चालू कर्जाचा हप्ता मात्र पै न पै मोजला जातो, त्यासाठी कोणत्याही परंपरेची गरज पडत नाही.

करसल्लागाराच्या मदतीने नफा कमी दाखवण्यात ज्या व्यावसायिकांची हयात गेली, त्यांनी तोच नफा भरपूर कसा आहे हे पटवून देण्याची कला आता अवगत करावी.

मधले नाव ठेवू नये. एका कागदावर ते पूर्ण येते, दुसऱ्यावर नुसते आद्याक्षर येते, आणि या दोन व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र तुम्हाला करावे लागते.

बँक स्टेटमेंटचा विषय थोडा सविस्तर घ्यावा लागेल. सहसा तीन ते सहा महिन्यांचे मागतात, तसे माझ्याकडेही मागितले. मी मोबाइलवरचे स्क्रीनशॉट पाठवले. निरोप आला की ते चालत नाहीत, बँकेची मूळ पीडीएफ हवी. ती पाठवली, तर निरोप आला की फाइलला पासवर्ड आहे. पासवर्ड काढून पाठवली, तर निरोप आला की ‘७ पैकी ७’ हे पान जोडलेले नाही. ते सातवे पान मी मुद्दाम उघडून पाहिले. वर बँकेचे चिन्ह, खाली ‘हे पान जाणीवपूर्वक कोरे ठेवले आहे’ अशी एक ओळ, आणि मधे पांढरेशुभ्र काहीच नाही. ते काहीच नाही मी सन्मानपूर्वक पाठवून दिले. त्यानंतर खरी चौकशी सुरू झाली, कारण पाचव्या पानावर पगाराखेरीज एक मोठी रक्कम जमा झालेली दिसत होती. एका मित्राने उसने घेतलेले पैसे परत केले होते. अशी रक्कम म्हणजे दुसरीकडून गुपचूप उचललेले कर्ज तर नव्हे, ही सावकाराची शंका रास्त आहे, म्हणून मी खुलासा लिहून दिला. मग मित्राचे पत्र मागितले. मग मी मित्राला मुळात पैसे दिले होते याचा पुरावा मागितला, म्हणजे दीड वर्षापूर्वीचे स्टेटमेंट. त्यात आणखी एक मोठी रक्कम निघाली. ती जुनी गाडी विकून आली होती, म्हणून गाडीच्या विक्रीचा कागद मागितला. ज्या मित्राने प्रामाणिकपणे पैसे परत केले, त्याच्यावरच माझा राग निघू लागला होता! गाडी विकून आलेले पैसे खात्यातच आले आहेत, समोर दिसत आहेत, असे मी फोनवर जरा चढ्या आवाजात म्हणालो, तेव्हा पलीकडून शांतपणे उत्तर आले, ‘हो सर, पण तसं लिहून द्या ना.’

तारणकर्जाला इंग्रजीत ‘मॉर्गेज’ म्हणतात. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा शब्दशः अर्थ ‘मृत तारण’ असा आहे. सतराव्या शतकातील इंग्लिश कायदेपंडित एडवर्ड कोक यांनी त्याची फोड अशी केली होती, की ऋणकोने पैसे फेडले नाहीत तर जमीन त्याच्यापुरती मेली, आणि फेडले तर तारण धनकोपुरते मेले. कागद जमवता जमवता ऋणकोच गतप्राण होण्याची तिसरी शक्यता त्यांना सुचली नाही. पीडीएफचा शोध तेव्हा लागायचा होता.

उत्पन्नाचे पुरावे का मागतात हे मला कळत नाही, असे कुणी समजू नये. २००८ च्या आधी अमेरिकेत अर्जदाराने उत्पन्नाचा आकडा नुसता लिहावा आणि सावकाराने तो न पडताळताच मान्य करावा, अशीही कर्जे वाटली गेली. ‘लबाडांची कर्जे’ असेच त्यांना म्हटले जाई, आणि ती बुडू लागल्यावर कोणकोण बुडाले हे जगाने पाहिले आहे. तेव्हा सावकारांनो, तपासा, जरूर तपासा, कोरे पानही भिंगातून पाहा. पण काय काय पाहणार आहात ते पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून द्यायला तुमचे काय जाते? प्रत्येक अर्जदाराला हेच कागद लागतात, हे तुम्हाला ठाऊक असते. तरी तुम्ही आज एक मागता, आठ दिवसांनी दुसरा, पंधरा दिवसांनी तिसरा. पगारपत्रके आणि स्टेटमेंटे दोन-तीन महिन्यांत शिळी होतात, हा नियमही तुमचाच. म्हणजे तुमच्या दिरंगाईने ती शिळी व्हायची आणि ताजी आणायला रजा टाकून आम्ही धावायचे. विक्रेता थांबून राहत नाही, घरमालकाला जागा सोडण्याची तारीख सांगितलेली असते, इसार अडकलेला असतो, आणि तुमच्याकडे विचारणा करावी तर फाइल ‘वरती’ गेलेली असते. वरती कुणाकडे, ते एकालाही सांगता येत नाही. ही दक्षता नव्हे, हा आळस आहे, आणि त्याचे व्याज आम्ही कर्ज मिळण्याआधीच भरतो आहोत.

आज सकाळी पुन्हा निरोप आला. सुरुवातीला दिलेली पगारपत्रके आणि स्टेटमेंट आता जुनी झाली आहेत, नवी पाठवावीत. दुपारी पाठवली, कोऱ्या पानासकट.