आधी लॅपटॉप की आधी नेट? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

(शाळेत शिकवतो असं तुम्ही लिहिलंयत, म्हणून सर.) घरात कॉम्प्युटर नसताना स्वस्तात नेट कसं वापरायचं, या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा: मोबाईल आणि टीव्हीवर भागवा म्हणणं म्हणजे गरिबाच्या पोरांच्या माथी दुय्यम इंटरनेट मारणं. त्यापेक्षा आठ-दहा हजारांत जुना लॅपटॉप घ्या असं सांगायला हवं होतं. तुमची कळकळ पोचली, सल्ला मात्र पटला नाही.

जुन्या लॅपटॉपचंच बघू. या किमतीत जे हाती लागतात त्यांतला प्रोसेसर (मुख्य चिप) बहुतेक वेळा इंटेलच्या सातव्या पिढीचा किंवा त्याहून जुना. विंडोज ११ अधिकृतपणे चालतं ते साधारण आठव्या पिढीपासून पुढे, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स टाकता येतं, मी स्वतः तेच वापरतो. पण ते टाकून देणारा आणि उद्या अडलं तर बघणारा गल्लीत कोण आहे? वर बॅटरी बहुधा मेलेली. ‘चार्जर लावूनच वापरा’ हे दुकानदार पैसे मोजून झाल्यावर सांगतो.

बरं, घेतला लॅपटॉप. त्याला नेट कुठून देणार? बापाच्या फोनच्या हॉटस्पॉटवरून. आमच्या इचलकरंजीत बाप बारा तास यंत्रमागावर असतो आणि फोन त्याच्या खिशात. पोरगी शाळेतून घरी येते तेव्हा घरात फोनही नसतो आणि नेटही. रात्री तो घरी आला की रोजच्या दीड जीबीतलं उरलंसुरलं मिळणार. तेवढ्यात लॅपटॉपनं अपडेट ओढायला घेतलं की कोटा संपला, मग ६४ केबीपीएसवर पान उघडायची वाट बघत बसा. अडचण स्क्रीनच्या आकाराची नाहीच, सर. नेट घरात राहत नाही, ते एका माणसाबरोबर कामावर जातं.

म्हणून लेखात मी पैसे आधी नेटवर घालायला सांगितले. फायबरचा, म्हणजे घरात वायरनं येणाऱ्या नेटचा, ३९९ रुपयांचा, ३० एमबीपीएस वेगाचा प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून ४७१ च्या आसपास पडतो. महाग वाटतो, कबूल. पण घरातल्या तीन फोनांवर डेटाचे तीन रिचार्ज चालू असतील तर बेरीज करून बघा. ट्रायनं (फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं) डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलला, तेव्हापासून फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक कंपन्यांना ठेवावेच लागतात. आजी-आजोबांच्या फोनला तेवढं पुरतं, घरात वाय-फाय आहेच. हे पॅक ॲपमध्ये चटकन सापडत नाहीत, दुकानदारही आपण होऊन दाखवत नाही. नाव घेऊन मागायचे. आणि फायबर गल्लीत पोचलंच नसेल, तर घरात कायम राहणारा दुसरा साधा स्मार्टफोन, स्वतःच्या सिमसकट. तो बाहेर न्यायचा नाही, एवढा एकच नियम.

आता ‘मोबाईलवर फॉर्म भरता येत नाही’ हे तुमचं वाक्य. कुठे अडतं ते सांगतो. बँकेच्या परीक्षेच्या अर्जात फोटो २० ते ५० केबीचा लागतो, सही १० ते २० केबीची. फोनचा कॅमेरा काढतो दोन-तीन एमबीचा फोटो, साईट तो परत पाठवते, आणि पोरगं नेट कॅफेत जाऊन पैसे मोजतं. फोटोचा आकार कमी करणारं फुकट ॲप हेच काम मिनिटभरात करतं. पान अर्धवट दिसत असेल तर क्रोमच्या तीन टिंबांत ‘डेस्कटॉप साईट’वर खूण करा. लांबलचक टायपिंगला ओटीजीचा चिमुकला जोड लावून साधा यूएसबी कीबोर्ड जोडता येतो. माऊस जोडलात तर फोनच्या पडद्यावर बाणही उमटतो. ओटीपी तर तसाही फोनवरच येणार.

टीव्हीबद्दल मात्र सावध राहा. फोन टीव्हीला जोडायला टाईप-सी ते एचडीएमआय वायर विकत घेऊन फसणारे पुष्कळ भेटतात. स्वस्त फोनांपैकी बहुतेकांच्या टाईप-सी पोर्टातून चित्र बाहेर येतच नाही, चार्जिंग आणि फाईली एवढंच. साध्या टीव्हीला एचडीएमआय असेल तर कास्टिंग चालणारी स्टिक लावा आणि फोनचा पडदा वाय-फायवरून टीव्हीवर टाका. धडा बघायला उत्तम. टायपिंगला किंचित मागे पडतं, चिडचिड होते.

कॉम्प्युटरच लागतो अशी कामं आहेतच. जीसीसी-टीबीसी ही सरकारी टायपिंग परीक्षा, टॅली, मोठ्या एक्सेल शीट. त्यासाठी घरात यंत्र हवं की क्लासमधल्या यंत्रावर रोजचा तास पुरतो, हे ज्यानं त्यानं खिसा बघून ठरवावं. माझा लेख त्या घरांसाठी होता जिथे आज सातबारा काढायलाही तालुक्याला एसटीनं जातात.

तुमच्यापाशी एक गोष्ट आहे जी माझ्यापाशी नाही: अख्खा वर्ग. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात घरात नेट कुणाच्या फोनवर असतं, एवढं मुलांना विचाराल का? काय उत्तरं येतात ती इथेच लिहा, पुढच्या लेखात घेतो.