थेट प्रक्षेपण उशिरा पाहण्याची शिस्त

भारताचा सामना घरी बसून पाहणे ही जबाबदारीची बाब आहे आणि ती पेलण्यासाठी घरात पुरेशी यंत्रसामग्री हवी. तुमच्याकडे 55 इंची टीव्ही, वेगवान वायफाय, अॅपची वार्षिक वर्गणी आणि घरातल्या माणसांइतके मोबाइल असतील, तर पुढील सूचना तुमच्यासाठीच आहेत. सामन्याच्या वेळी मोठ्या टीव्हीवर आईची मालिका लागते आणि तुम्हाला सामना तळहाताएवढ्या पडद्यावर पाहावा लागतो, याची तक्रार करू नये. तुमच्या शाळेची फी आईने भरली होती, भारताच्या सलामीवीराने नव्हे.

इतक्या वेगवान वायफायवर चेंडू उशिरा का दिसतो, असा बालिश प्रश्न नवख्या चाहत्यांना पडतो. दळणवळणाचा उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असतो, तरी तिथवर जाऊन परत यायला संदेशाला जेमतेम पाव सेकंद लागतो. तुमच्या मोबाइलवरचे चित्र मात्र आधी दाबून लहान केले जाते, मग काही सेकंदांच्या तुकड्यांत कापले जाते, ते तुकडे ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवले जातात आणि सामना मध्येच अडखळू नये म्हणून तुमचे अॅप असे दोन-चार तुकडे गाठीशी बांधल्याखेरीज पहिला तुकडा दाखवतच नाही. या साग्रसंगीत विधीत वीस-तीस सेकंद सहज जातात. डिश लावलेल्या शेजाऱ्याला तोच चेंडू तुमच्या कितीतरी आधी दिसतो. तुम्ही मात्र पडद्याच्या कोपऱ्यातल्या ‘लाइव्ह’ या लाल अक्षरांवर श्रद्धा ठेवावी.

तरीही निकाल आधी कळण्याचा धोका राहतोच, म्हणून शेजारच्या आवाजांचा पद्धतशीर अभ्यास करावा. 29 जून 2024 रोजी ब्रिजटाउनला टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला 16 धावा हव्या होत्या आणि समोर डेव्हिड मिलर होता. पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर झेल घेतला, तोल जाताना चेंडू वर उडवला, दोरीपलीकडे जाऊन परत आत आला आणि तो पुन्हा पकडला. ज्यांच्या मोबाइलवर हार्दिक पंड्या अजून रनअपच्या टोकाला उभा होता, त्यांना हे सर्व वरच्या मजल्यावरून आलेल्या आरोळीतून कळले. षटकार गेला असता तर वरून हाय खाल्ल्याचा आवाज आला असता. आरोळी आली म्हणजे विकेट पडली. असे अचूक निदान झाल्यावरही पुढची वीस सेकंदे श्वास रोखून बसणे आणि झेल दिसताच सर्वांत मोठ्याने ओरडणे यालाच निष्ठा म्हणतात. खिडक्या लावून घेण्याचा उपाय काही जण सुचवतात, पण तोवर त्याच अॅपची सूचना पडद्याच्या वरच्या कडेला येऊन विकेट पडल्याचे सांगते आणि खाली गोलंदाज अजून धावतच असतो. एकाच कंपनीचा उजवा हात डाव्या हाताच्या पुढे असतो, ही तंत्रज्ञानाची प्रगती आहे. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकल्यास सूचना थांबतात, मात्र सामनाही थांबतो.

पंचांच्या निर्णयांबाबत तुमचे मार्गदर्शन संघाला सतत मिळत राहिले पाहिजे. 1992 मध्ये डर्बनला पडदा पाहून तिसऱ्या पंचांनी ज्या पहिल्या फलंदाजाला बाद दिले तो सचिन तेंडुलकर होता, त्यामुळे यंत्रावरचा आपला राग जुना आणि रास्त आहे. डीआरएस, म्हणजे पंचांच्या निर्णयाचा पडद्यावर फेरविचार (रिव्ह्यू) मागण्याची सोय, 2009 मध्ये अधिकृतपणे सुरू झाल्यावरही भारतीय क्रिकेट मंडळ ते 2016 पर्यंत टाळत राहिले, हेही आपल्या बाजूचे आहे. आता पायचीतच्या निर्णयात निम्म्याहून कमी चेंडू यष्टीला लागत असेल तर मैदानावरच्या पंचांचाच निर्णय कायम राहतो. हा नियम आपल्या फलंदाजाच्या वेळी शहाणपणाचा आणि आपल्या गोलंदाजाच्या वेळी निर्लज्ज पक्षपाताचा समजावा. खेळाडूंना रिव्ह्यू मागण्यासाठी 15 सेकंद मिळतात. तुम्हाला चेंडू त्याहूनही उशिरा दिसत असल्यामुळे तुम्ही सोफ्यावरून “घे रे, घे!” असे ओरडता तेव्हा ती मुदत केव्हाच संपलेली असते. म्हणून ओरडणे थांबवू नये. कर्णधाराने ऐकले नाही, हे म्हणण्याचा हक्क त्यातूनच मिळतो.

आता मुख्य विषयाकडे वळतो. घरातल्या कोणी कुठे बसावे, यावर भारताचा विजय अवलंबून असतो, हे वेगळे सिद्ध करण्याची गरज नाही. 2 एप्रिल 2011 रोजी वानखेडेवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात धोनीने श्रीलंकेच्या कुलसेकराला विजयी षटकार मारला तेव्हा जी बिचारी मावशी स्वयंपाकघराच्या दारात ताटे घेऊन उभी होती, तिला पुढच्या प्रत्येक मोठ्या सामन्याला तिथेच ताटे घेऊन उभे करावे. 19 नोव्हेंबर 2023 रोजी अहमदाबादला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडने 137 धावा केल्या आणि भारत हरला, याचा अर्थ त्या दिवशी कोणीतरी पाणी प्यायला उठले होते. ते कोण, याचा तपास प्रत्येक घरात अजून चालू ठेवावा. येथे एखादा शंकेखोर भाचा विचारील की, चेंडू अर्ध्या मिनिटापूर्वीच प्रेक्षकांत जाऊन पडला असेल तर आता मांडी न हलवल्याने काय साधणार? त्याला शांतपणे सांगावे की साध्या श्रद्धेचा परिणाम पुढे होतो, आपल्या श्रद्धेचा मागे होतो. मैदानावर घडून गेलेल्या गोष्टीवर घरातून ताबा ठेवणे ही प्रगत साधना आहे आणि वार्षिक वर्गणीत ती समाविष्ट आहे. भाच्याला पुढच्या षटकापासून गॅलरीत बसवावे.

घरातली सर्वांत धोकादायक व्यक्ती मात्र आजोबा होत. बाळ ज. पंडितांचे मराठी धावते वर्णन ऐकत वाढलेली ही पिढी आतल्या खोलीत ट्रान्झिस्टर कानाला लावून पडलेली असते आणि त्यांचा रेडिओ कशाचेही तुकडे करत बसत नाही. ते निकाल बोलून दाखवत नाहीत, कारण त्यांना सुसंस्कृतपणा ठाऊक आहे. पण भारत जिंकला की उठून देवापुढे साखर ठेवण्याची त्यांची सवय आहे. तेव्हा तुमच्या पडद्यावर अजून चार चेंडू शिल्लक असताना स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याचे झाकण वाजले, तर ते ऐकले नाही असे दाखवावे, नखे कुरतडणे चालू ठेवावे आणि मावशीला दारातून हलू देऊ नये.