गाठ आकसली तरी तपासण्या थांबवू नयेत

डोळ्यातील कर्करोगाच्या गाठीवर किरणोपचार केल्यानंतर वर्षभरात गाठ आकसली आणि दृष्टी शाबूत राहिली, की दृष्टिपटलाची (डोळ्याच्या आतल्या, प्रकाश टिपणाऱ्या पडद्याची) फारशी चिंता उरत नाही, हे आपल्या लेखातील विधान मला पटले नाही. किरणांचा पहिला मार बसतो तो दृष्टिपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातील पेशींना. त्या हळूहळू नष्ट होत जातात, मग काही वाहिन्या बंद पडतात, काही पाझरू लागतात, आणि म्हणूनच हे बदल साधारणपणे सहा महिने ते तीन वर्षांच्या काळात, कधी त्याहूनही उशिरा, उघड होतात. अशा वेळी वर्षभराच्या निकालावर निश्चिंत होणे घाईचे ठरते.

माझ्या आईच्या डोळ्यातील मेलानोमावर (रंगपेशींच्या कर्करोगावर) आयोडीन-१२५ या किरणोत्सारी द्रव्याची चकती डोळ्यावर बसवून उपचार झाले आणि गाठ चांगली दबली. मात्र दुसऱ्या वर्षी, तक्त्यावरची बारीक अक्षरे ती बिनचूक वाचत असतानाच, ओसीटी तपासणीत (दृष्टिपटलाचे थर दाखवणाऱ्या प्रकाशचित्रणात) पीतबिंदूपाशी, म्हणजे दृष्टिपटलाच्या सर्वांत तीक्ष्ण नजरेच्या मध्यभागी, सूज आढळली. अँटी-व्हीईजीएफ (वाहिन्यांचे पाझरणे रोखणाऱ्या) इंजेक्शनांनी ती उतरली खरी, पण दोन इंजेक्शनांमधले अंतर वाढवले की पुन्हा डोके वर काढते. तिला मधुमेहही आहे, आणि त्यामुळे हा धोका वाढतो याचा लेखात उल्लेखही नाही (मधुमेहाने आणि किरणांनी बिघडलेले दृष्टिपटल बरेचसे सारखेच दिसते, हा आणखी एक गुंता). शिवाय गाठ पीतबिंदू आणि दृष्टिचेतेपासून (डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेपासून) किती अंतरावर होती, यावर पुढच्या दृष्टीचे बरेच काही अवलंबून असते. लेखात चर्चा आहे ती केवळ गाठीच्या आकाराची.