विसाव्या दिवशी फोन कुणाला करायचा?

सोलापुरात आमच्या घरी गेले चार महिने एकच वाद चाललाय. मावसभावाचं वजन 118 किलो, उंची 5 फूट 7 इंच, शुगर 8 वर्षांची. डॉक्टरांनी त्याला वजन कमी करायच्या ऑपरेशनचा विचार करायला सांगितलंय. मावशी म्हणते, देवानं दिलेलं पोट कापायचं नाही. काका म्हणतात, रोज पहाटे पार्क मैदानावर फेऱ्या मारल्या तर ऑपरेशन लागतंय कशाला, हे सगळे शॉर्टकट. पुतण्या म्हणतो, आता वजन कमी करायची इंजेक्शनं आलीत, मौंजारो घ्या की. तिघांचं एकमेकांशी पटत नाही, पण शेवटी तिघंही एकाच वाक्यावर येतात: "वहिनीचं काय झालं ते बघितलं ना?"

मी 14 वर्षं इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये राहते. नोव्हेंबर 2022 मध्ये इथल्या सरकारी रुग्णालयात माझं गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजन कमी करायचंच एक ऑपरेशन, झालं. वहिनीचं स्लीव्हचं, म्हणजे त्यातलाच दुसरा प्रकार, ऑपरेशन त्यानंतर दीड वर्षानं पुण्यात, एका खासगी रुग्णालयात. एकाच घरातल्या दोघी. वहिनीला काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे, का झालं हे कुणी विचारत नाही, म्हणून हे लिहितेय.

वहिनीचं ऑपरेशन उत्तम झालं. तीन रात्री रुग्णालयात, चौथ्या दिवशी गाडीत बसून सोलापूर. हातात फाईल, फाईलमध्ये एक छापील कागद: आधी पातळ, मग प्युरी, मग मऊ. गोळ्यांची यादी दुसऱ्या पानावर होती, ते पान कुणी उलटून दाखवलं नाही. पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या. घोटभर पाणीही टिकेना. रुग्णालयाचा नंबर लावला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, सुरुवातीला होतं असं, घाबरू नका. सोलापुरात दोन डॉक्टरांकडे नेलं. ॲसिडिटी म्हणून गोळ्या दिल्या, अशक्तपणा म्हणून ग्लुकोज चढवलं. दीड महिन्यानं ती म्हणाली, पाय झिणझिणतात, आणि अंगणातून चालताना भिंत धरायला लागली.

तिला कमी पडलं होतं ते बी1 जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच असतो. ऑपरेशननंतर उलट्या लागून राहिल्या की तो संपतो, मग नसा आणि मेंदू यांच्यावर घाला येतो. अशा माणसाला आधी बी1 न देता नुसतं ग्लुकोज लावलं तर त्रास वाढूही शकतो. हे ज्यानं ओळखलं तो सोलापुरातलाच एक तरुण डॉक्टर. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला: "ऑपरेशननंतर कुठल्या गोळ्या चालू आहेत?" एकही नव्हती. वहिनी आता बरी आहे, घरातली सगळी कामं करते. पण रात्री तळपाय अजून बधिर होतात, आणि ती पायमोजे घालून झोपते.

आता माझा विसावा दिवस सांगते. मीही उलटी केली होती. भूक नव्हती, पण नवऱ्यानं केलेलं मऊ अंडं घाईत खाल्लं. फ्रीजच्या दारावर नर्सच्या नंबरचं कार्ड लावलेलं होतं. तिनं फोनवर विचारलं: शेवटचं पाणी कधी पोटात राहिलं? लघवी किती वेळा झाली, रंग कसा? थायमिनची गोळी रोज घेतेस ना? मग म्हणाली, चमच्यानं घे, दर पाच मिनिटांनी एक, आणि दिवसभरात पाणी टिकलं नाही तर वाट बघू नकोस, सरळ ये. एवढंच. सर्जनच्या हाताचा यात काही संबंध नाही. पुण्याचे सर्जन माझ्या सर्जनपेक्षा कणभर कमी नसतील. फरक त्या कार्डाचा होता.

काका, शॉर्टकट या शब्दाचं मला खरंच वाईट वाटतं. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात, भुकेचं घ्रेलिन हे संप्रेरक प्रामुख्यानं तिथंच तयार होतं. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. आतड्याच्या पहिल्या भागाला अन्न वळसा घालून जातं, आणि लोह, कॅल्शियम शोषून घेण्याचं काम मुख्यतः त्याच भागाचं. म्हणून गोळ्या जन्मभर. लोहाची सकाळी, कॅल्शियमची तिच्यापासून निदान दोन तासांनी, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट लागू पडत नाही. बी12 चं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रोटीन, तेही अशा पोटात जिथं सुरुवातीला चार चमचे वरण मावत नाही. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. चौथ्या महिन्यात माझे केस असे गळायला लागले की वेणी घालायची भीती वाटायची. आठव्या महिन्यात थांबले, परत आले. त्या काळात फोटो बघून सोलापूरहून फोन यायचे, "आजारी आहेस का गं? तोंड उतरलंय." वजन 31 किलोनं उतरलं होतं आणि शुगरची गोळी बंद झाली होती, हे कुणी विचारलं नाही.

इंजेक्शनांविषयीही पुतण्याला सांगायचंय. मौंजारो मार्च 2025 मध्ये भारतात आलं, औषध चांगलं आहे, कित्येकांना त्यानं ऑपरेशन टळेल. पण ते बंद केलं की गेलेल्या वजनातलं बरंचसं परत येतं. म्हणजे तिथंही तपासण्या आणि वर्षानुवर्षांची काळजी आहेच. ऑपरेशन की इंजेक्शन हा वाद घरात बसून सुटणारा नाही, तो डॉक्टरपुढे सुटेल. एक मात्र नक्की: "तू काय तेवढा जाड नाहीस" असं म्हणून त्याला अडवू नका. आपल्या लोकांना कमी वजनातच शुगर गाठते, म्हणून भारतातल्या तज्ज्ञांनी 2009 मध्येच बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 37.5 च्या पुढे, आणि सोबत शुगरसारखा आजार असेल तर 32.5 च्या पुढेच ऑपरेशनचा विचार करावा असं म्हटलं होतं. इंग्लंडमध्येही आपल्यासाठी आकडा अडीचनं खाली धरतात. विम्यातून ऑपरेशनचा खर्च मिळायला विमा नियामकानं 2019 मध्ये जी अट घातली ती मात्र बीएमआय 40, किंवा गंभीर आजारासह 35. आपल्या शरीरांना हे आकडे लावणं मला चुकीचं वाटतं. मावसभावाचा बीएमआय 40 च्या पुढे आहे, तो कुठल्याही आकड्यात बसतो.

लेस्टर म्हणजे स्वर्ग नाही. फॅमिली डॉक्टरनं पत्र लिहिल्यापासून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत मला जवळपास तीन वर्षं लागली. एवढं थांबवत नाही म्हणून इथले कितीतरी लोक तुर्कस्तानला जाऊन ऑपरेशन करून येतात, आणि परत आल्यावर त्यांची गत वहिनीसारखी होते: कापणारा एका देशात, पोट दुसऱ्या देशात. रुग्णालयानं माझ्याकडे दोन वर्षं बघितलं, मग फॅमिली डॉक्टरकडे सोपवलं. आता वर्षाची रक्ततपासणी मीच आठवण करून मागते.

आणि एक गोष्ट इथं कुठल्याच कार्डावर नव्हती. पहिला महिना मी स्वयंपाकघरात एकटी बसून वाटीतलं पातळ खात होते. नवऱ्याची रात्रपाळी, मुलगा शाळेत. वहिनीची गोळी चुकली, डॉक्टर चुकले, पण तिच्या उशाशी माझी आई बसली होती. रात्रभर, चमच्यानं पाणी पाजत. तो चमचा मला हवा होता.

मग आग्रह. तो आपल्याकडे प्रेमाचाच भाग आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. जानेवारी 2024 मध्ये मी सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेला आले होते. नंदीध्वजांची मिरवणूक बघून घरी आलो, आत्यानं शेंगापोळी वाढली, वर तूप. मी अर्धी म्हणाले. "खा की गं, एवढ्यानं काय होतंय?" मी पूर्ण खाल्ली. वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, घामानं ब्लाऊज भिजला, पोटात कळ आली, मी आतल्या खोलीत जाऊन आडवी झाले. बायपासनंतर गूळ-साखर थेट आतड्यात उतरली की असं होतं, तासाभरात जातं. पण आत्या दाराशी उभी राहून रडत होती. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यासाठी पूजेतली असते तेवढी वाटी काढून ठेवली. त्यात मुगाचं वरण, आणि कडक भाकरीचा चतकोर कुस्करून भिजवलेला. आल्या-गेल्याला तीच सांगायची, तिला वाढू नका.

आत्या एका दिवसात शिकली, कारण तिच्यासमोर घडलं. बाकीच्यांना कुणी सांगतच नाही. वहिनीच्या कागदावर ओट्स आणि सूप लिहिलं होतं. ज्वारीच्या कण्या, ताक, पातळ पिठलं, शेंगाचटणी मऊ भातात किती चालेल, कडक भाकरी कितव्या आठवड्यात, यातलं अवाक्षर नव्हतं. सोलापूरच्या घरात सोलापूरचंच शिजणार.

म्हणून मावसभावाला माझं सांगणं: जा, पण पैसे भरायच्या आधी त्या रुग्णालयात विचार की विसाव्या दिवशी रात्री उलट्या लागल्या तर मी फोन कुणाला करू, आणि तो माणूस कोण आहे ते नावानिशी लिहून घे. दुसऱ्या पानावरची गोळ्यांची यादी मावशीसमोर वाचून घे. आणि वहिनीचा त्रास ज्यानं ओळखला त्या डॉक्टरला ऑपरेशनच्या आधी भेट, नंतर नाही. पुणे अडीचशे किलोमीटर आहे, दर उलटीला हुतात्मा एक्सप्रेस पकडता येत नाही. आपल्या सिव्हिलमध्ये अशा रुग्णांसाठी आठवड्यातली एक दुपार जरी ठेवली तरी पुष्कळ होईल. त्याला मोठी यंत्रं लागत नाहीत. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), बी12, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, आणि ओळखीचा एक माणूस.

परवा वहिनीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. मागं भिंतीवर कॅलेंडर होतं. दुधाच्या खाडाखोडीत, गॅसच्या तारखेच्या खाली लाल पेनानं एक गोल, त्यात आईच्या अक्षरात "बी12". वहिनीनं विचारलं, "वन्सं, ते इंजेक्शन संक्रांतीनंतर घेतलं तर चालेल का? आधी घरात खूप गडबड असते." मी नाही म्हणायच्या आत मागून आईचा आवाज आला, "आधीच घ्यायचं."