शटर काउंट म्हणजे कॅमेऱ्याची एक्सपायरी डेट नव्हे

लग्नसराईच्या तोंडावर फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: डीएसएलआरचं (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचं) शटर एक लाख फोटोंना संपतं, मग फोटो टिपणारा सेन्सर फिका पडतो, रंग उडतात, दुरुस्ती होत नाही. जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्याला चालत नाहीत. २४ मेगापिक्सेलवर आता अल्बम निघत नाही. सबब, मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा, घ्या. आणि शेवटी, अर्थातच, जुनी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) एक्सचेंजला आणा म्हणून कुणाचा तरी नंबर. भंगार झालेली वस्तू हा गृहस्थ पैसे मोजून का घेतोय, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. माझ्या भाच्यालाही नाही. तो लग्नाची कामं घेतो, हाताशी निकॉन डी७५० आहे, शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा उडालं तो आकडा, एक लाख बारा हजार. "मामा, बंद पडायच्या आत विकून टाकतो, नवा हप्त्यावर घेतो," म्हणून त्याचा फोन आला.

अरे, निकॉनने डी७५०चं शटर दीड लाख वेळा उडवून तपासलेलं आहे. डी८५०चं दोन लाखांपर्यंत, डी५चं चार लाखांपर्यंत. सगळ्यांना सरसकट एक लाख आणला कुठून? शिवाय हा चाचणीचा आकडा आहे, मरणाची तारीख नाही. काही शटर त्याच्या आधी जातात, काही त्याच्या कितीतरी पुढे चालतात.

आता सेन्सर फिका पडण्याची गोष्ट. ही वाचून हसावं की रडावं कळेना. शटर म्हणजे सेन्सरपुढचे पातळ पडदे आणि ते हलवणारी यंत्रणा. झिजते ती यंत्रणा. पडदा लाख वेळा वरखाली झाला म्हणून मागच्या सेन्सरचा रंग कसा उडेल? बरं, प्रकाश पडून सेन्सर विटतो म्हणावं, तर डीएसएलआरमध्ये पुढे आरसा असतो, व्ह्यूफाइंडरमधून बघून फोटो काढताना फोटोपुरताच त्याच्यावर प्रकाश पडतो. मिररलेसमध्ये कॅमेरा चालू असेतो पडतच असतो. म्हणजे यांच्याच तर्काने मिररलेस आधी फिका पडायला हवा! निकॉनच्या झेड९मध्ये तर मेकॅनिकल शटरच नाही. मग त्याची एक्सपायरी कुठल्या आकड्यावर धरायची? वयानुसार सेन्सरवर एखाददुसरा हॉट पिक्सेल (कायम पेटलेला ठिपका) दिसू लागतो, एवढं मान्य. तो सर्व्हिसिंगमध्ये मॅप करून घालवता येतो.

"दुरुस्ती होत नाही" हे तर धडधडीत खोटं. निकॉनने जुलै २०१५ मध्ये याच डी७५०च्या काही कॅमेऱ्यांबद्दल स्वतःच जाहीर केलं होतं की शटरमध्ये दोष आहे, फोटोचा काही भाग काळवंडू शकतो. पुढे त्यात आणखी कॅमेरे घातले. उपाय काय केला? शटर बदलून दिलं, तेही फुकट. बॉडी तीच, सेन्सर तोच. म्हणजे शटर हा सुटा भाग आहे, हे कंपनीनेच करून दाखवलंय. आज खिशातून पैसे जातील, पण नव्या फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) बॉडीपुढे तो खर्च किरकोळ. मुंबईत कॅमेऱ्यांच्या बोरा बझारला चक्कर मारून भाव विचारा.

लेन्सचं अर्धसत्य आहे. निकॉनचा एफटीझेड अडॅप्टर (जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणारी कडी) लावला की एएफ-एस लेन्स, म्हणजे आत फोकसची मोटर असलेल्या, निकॉनच्या मिररलेसवर ऑटोफोकससकट चालतात. जुन्या, कॅमेऱ्यातल्या मोटरच्या स्क्रूने फिरणाऱ्या एएफ-डी लेन्स मात्र या अडॅप्टरवर हाताने फोकस कराव्या लागतात.

मेगापिक्सेल? २४ मेगापिक्सेलची फाइल साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलची असते. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापली तर २० बाय १३ इंच. लग्नाच्या १२ बाय ३६च्या करिझ्मा अल्बमचं (हे उघडलेल्या दोन पानांचं माप, एक पान १२ बाय १८) अख्खं पान एका फोटोत भरतं. पुढे बोलायलाच नको.

मिररलेसचा समोरच्या माणसाच्या डोळ्यावर आपोआप बसणारा फोकस भारी आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. मंगलाष्टकांत आवाज न करता फोटो निघतात हेही खरं, पण हॉलच्या एलईडी लाइटखाली त्याच सायलेंट शटरने बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटोवर पट्टे येतात, ते मेसेजवाला सांगत नाही. डीएसएलआरची नवी मॉडेलं जवळपास थांबली आहेत, तेव्हा आज ना उद्या बदलावं लागेलच. पण ते कामाची गरज आणि गाठीचे पैसे बघून.

आणि जुना कॅमेरा खरंच थकतो तो भलतीकडेच. ग्रिपचं रबर सुटतं, कार्ड स्लॉटची पिन वाकते, हळदीच्या फोटोंत उडालेली हळद डायलच्या खाचेत जाऊन बसते, पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. यातलं काहीच काउंटमध्ये दिसत नाही.

भाच्याला सांगितलंय ते असं: पांढऱ्या भिंतीचे १/४००० सेकंदाच्या शटर स्पीडवर लागोपाठ दहा-पंधरा फोटो काढ आणि लॅपटॉपवर मोठे करून बघ. कडेला काळसर पट्टा किंवा एखादा फोटो मध्येच अंधारा दिसला, तर शटर बदलायला टाक. नाही दिसला, तर सीझन त्याच कॅमेऱ्यावर कर. मुहूर्ताला दगा नको म्हणून एक बॉडी भाड्याने जवळ ठेव. हप्त्याचं सीझननंतर बघू.