ठाण्यात घर बदलताय? आधी ओल बघा

मोठं घर घेताना काय तपासावं याच्या नेहमीच्या यादीत कार्पेट एरिया, पार्किंग, स्टेशनचं अंतर सगळं येतं, ओल मात्र राहते. घोडबंदर रोडसकट ठाण्याचा बराच भाग साष्टी बेटावर आहे. दमटपणा सुटत नाही. पावसाचा मारा दक्षिण-पश्चिमेकडून, म्हणून त्या बाजूच्या बेडरूमची बाहेरची भिंत नीट बघा. एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर संशय घ्याच. बोटाच्या पेराने ठोका: पोकळ आवाज आला तर प्लास्टर सुटलंय. कोपऱ्यात पांढरी पूड असेल तर तो लोणा (ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेला क्षार), वरून पुट्टी मारून जात नाही.

खिडकीखालच्या कडाप्प्याचा उतार बाहेरच्या बाजूला हवा. स्लायडिंग खिडकीच्या पट्टीतली पाणी जायची भोकं बऱ्याचदा सिमेंटने बुजलेली असतात, मग पाणी आत येतं (आणि बिचाऱ्या वरच्या मजल्याला शिव्या बसतात). बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीला कपाट ठेवायचंच असेल तर दोन-तीन इंच फट सोडा.

ओलीखेरीज पाण्याच्या टँकरच्या खर्चाचं विचारायचं तर सोसायटीची एप्रिल-मेची बिलं मागा, एजंटच्या तोंडी हिशोबावर जाऊ नका. भाड्याने घेत असाल तर करार नोंदवताना गळतीची दुरुस्ती कोणाकडे, हे त्यात लिहून घ्या.